फुलपाखराला किताब, बांधाला काय?

कासुर्डी, ता. दौंड, जि. पुणे



जिल्हा बैठकीच्या अंकात फुलपाखरावरचा मजकूर पाहून काही जण पान उलटतील. कापसाच्या भावाचे बोला, ज्वारीच्या खरेदीचे बोला, फुलपाखरू हे शहरातल्या पोट भरलेल्या माणसांचे चोचले, असे म्हणतील. त्यांना आमची विनंती आहे, पान उलटू नका. या फुलपाखराच्या आडून सरकारची एक जुनी खोड ओळखता येते. जे फुकट देता येते ते वाजतगाजत द्यायचे आणि ज्याला पैसा लागतो ते शेतकऱ्याच्या माथी मारायचे, ही ती खोड. ती एकदा ओळखली की भावाच्या प्रश्नातही उपयोगी पडते.

किताबाची गोष्ट

जून २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत एक निर्णय झाला. या मंडळाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. इंग्रजीत ज्याला ब्लू मॉरमॉन म्हणतात ते फुलपाखरू महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. मराठीत त्याला राणी पाकोळी म्हणतात, नीलवंत हेही नाव आहे. मखमली काळे पंख, त्यावर निळे पट्टे आणि काळे ठिपके, पंख पसरले तर वीतभर नसले तरी त्याच्या जवळपास. देखणे फुलपाखरू आहे, यात वाद नाही. राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, याचा मोठा गाजावाजा झाला. मागाहून उत्तराखंड, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू यांनीही आपापली फुलपाखरे निवडली.

शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, आंबा राज्यवृक्ष, ताम्हण राज्यफूल. त्या यादीत एक नाव वाढले. यासाठी विधानसभेत विधेयक मांडले गेले नाही, चर्चा झाली नाही, अर्थसंकल्पात तरतूद झाली नाही. कोणावर कसली जबाबदारी पडली नाही. बैठक झाली, घोषणा झाली, टाळ्या झाल्या.

आमच्याकडे म्हण आहे, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. राणी म्हटले, पण राणीला राहायला घर दिले का? खायला दिले का? फुलपाखराचे घर म्हणजे झाड. झाड म्हणजे जमीन. जमीन कोणाची? इथे प्रश्न आपल्या दारात येतो.

अळी कोणाची?

राणी पाकोळीची मादी अंडी घालते ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. जंगलात माकडलिंबासारखी रानझाडे असतात, गावात लिंबू, संत्रा, पपनस असे काही असते. अंड्यातून अळी निघते आणि पाने खाते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचले तर मानेतून तांबूस शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबाची बाग ज्यांनी केली त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. कारण हिची सख्खी चुलतबहीण, लिंबावरचे पिवळे-काळे फुलपाखरू, हे आपल्या बागांतले नेहमीचे गिऱ्हाईक. तिची अळीही लहानपणी विष्ठेसारखी आणि मोठेपणी हिरवीच. तीही तशीच शिंगे काढते.

आता त्या अळीबद्दल सरकारचे दुसरे खाते काय सांगते ते पाहा. शेतीशास्त्राच्या पुस्तकात ती आहे 'लिंबूवर्गीय फळझाडांवरील पाने खाणारी अळी'. शिफारस काय? रोपे लहान असतील तर अळ्या हाताने वेचून नष्ट करा, प्रादुर्भाव जास्त असेल तर फवारा. शिफारस चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. नवी लागवड असेल तर ही अळी आठ दिवसांत रोपाचा खराटा करते, हे आम्ही बागेत उभे राहून पाहिले आहे. पण फवारा मारताना कोण ओळखणार, ही अळी राज्याची की ही गावची? वनखाते म्हणते राणी, शेतीखाते म्हणते कीड. दोन्ही खाती एकाच सरकारची. दोन्हींचे कागद एकाच शेतकऱ्याच्या हातात. २०१५ नंतर या दोन खात्यांनी एकत्र बसून शेतकऱ्यासाठी एक पानभर मजकूर तरी लिहायला हवा होता. जुन्या झाडावरच्या चार अळ्यांना राहू द्या, रोपांवरच्या वेचून बांधावरच्या जुन्या झाडावर नेऊन सोडा, एवढे सांगायला किती खर्च येतो? पण किताब द्यायला खात्याला शेतकरी लागत नाही. सांभाळायला मात्र लागतो, आणि तिथेच सगळे गप्प बसतात.

नावांचा हंगाम

फुलपाखरू एकटे नाही. नावे देण्याचा हंगाम गेली काही वर्षे जोरात आहे.

२०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असे नाव मिळाले. आपल्या भाकरीला श्री लागले. आम्हाला आनंद आहे. पण त्या वर्षी मालदांडी ज्वारीचा जाहीर झालेला हमीभाव ३,२२५ रुपये क्विंटल, तो तुमच्यापैकी किती जणांच्या हातात पडला? खरेदी केंद्र तुमच्या तालुक्यात किती दिवस उघडे होते? बैठकीला आलेल्या प्रत्येकाने शेजारच्याला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर आपणच मोजावे. दिल्लीच्या मेजवानीत ज्वारीचे पदार्थ वाढले गेले म्हणून मंगळवेढ्याच्या माळावरच्या शेतकऱ्याची काढणीची मजुरी निघत नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. सोबत पैसेही आले, दर दिवसाला दर गाईमागे ५० रुपये. पण कोणाला? गोशाळांना. ज्याच्या गोठ्यात ती गाय जन्मली, ज्याने दुष्काळात कडबा विकत घेऊन ती जगवली, त्याला नाही. २०१५ च्याच मार्चमध्ये, फुलपाखराच्या तीन महिने आधी, १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या पशुसंरक्षण दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. त्याच्या भावनेच्या बाजूवर आम्ही इथे बोलत नाही, हिशेबाच्या बाजूवर बोलतो. म्हाताऱ्या बैलाचे जे चार पैसे येत आणि नव्या बैलाच्या किमतीला हातभार लागे, ते बंद झाले. भरपाई मिळाली नाही. बोजा शेतकऱ्याचा, पुण्य सरकारचे.

एक चांगले उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवले. त्यामागे कोळी बांधवांची मागणी होती, कारण पिल्ले पकडली गेल्याने पापलेट घटत होते. त्याच वर्षी सरकारने माशांच्या किमान आकाराचे नियमही आणले, त्याहून लहान मासा पकडायचा नाही असे. नियम कितपत पाळला जातो हा वेगळा प्रश्न. पण इथे नावाबरोबर नियम आला, आणि मागणी त्या माशावर जगणाऱ्यांकडून आली. किताब असा असावा लागतो.

कायदा आला की चोर सोडून संन्याशाला फाशी

कोणी म्हणेल, मग करा की फुलपाखराचा कायदा. थांबा. कायदा म्हटल्याबरोबर टाळ्या वाजवू नका. आपल्या शेजारच्या नगर-सोलापूर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना विचारा, कायदा कसा असतो ते.

१९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि भीमेच्या पलीकडचे श्रीगोंदा, कर्जत, शिवाय नेवासे अशा तालुक्यांतली भूमी त्यात आली. त्यातले वनखात्याचे माळ थोडे, बाकी सगळी शेतकऱ्यांची खासगी जिरायत. गावेच्या गावे अभयारण्यात. जमीन विकायची तर अडचण, बिगरशेती करायची तर अडचण, एखादा कारखाना आणायचा तर अडचण. मुलीच्या लग्नाला एकर विकावे म्हटले तर गिऱ्हाईक पळून जाई. तीस वर्षांहून अधिक काळ हे चालले. अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि २०१२ च्या सुमारास क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर आले.

आणि माळढोक? तो वाचला का? आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. शेतकरी अडकला, पक्षीही गेला. एकाही बाजूचा फायदा झाला नाही.

असे का झाले? माळढोक जंगलात राहत नाही. तो गवताळ माळावर आणि ज्वारी, हरभरा, भुईमूग अशा जिरायत पिकांत हिंडणारा पक्षी. म्हणजे जिरायत शेतकऱ्याची शेती हेच त्याचे घर. सरकारने एका हाताने त्या शेतीवर अभयारण्याचा शिक्का मारला आणि दुसऱ्या हाताने उजनीचे पाणी आले तिथे ऊस वाढू दिला. उसाला कायद्याने ठरलेला किमान भाव आहे. तो मिळवायलाही भांडावे लागते हे आम्ही जाणतो, पण तो निदान कायद्यात आहे. ज्वारीला कायद्यात काय आहे? हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने कोणी घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. मग ज्याला पाणी मिळाले त्याने ज्वारी मोडून ऊस लावला, यात त्याचा काय दोष? ज्या पिकात पक्षी, पाखरे, फुलपाखरे राहतात त्या पिकाला भाव नाही आणि जे पीक माळ गिळते त्याला कायद्याचा आधार. एवढे एक वाक्य ज्या वनमंत्र्याला समजले त्याने अर्धे वन्यजीवन वाचवले असे आम्ही मानू.

दौंड तालुक्यात हे समजायला दूर जावे लागत नाही. कालव्याच्या खालच्या अंगाला पाहा, ऊस. कासुर्डी-यवत सोडून भुलेश्वरच्या डोंगराकडे चढू लागा, जिरायत आणि गवताचे माळ. पाखरे कुठे दिसतात ते स्वतः पाहून या.

अमेरिकेतल्या शाळकरी पोरांचा कायदा

फुलपाखराचा कायदा खरोखर कुठे झाला आहे का? झाला आहे, अमेरिकेत. तिथल्या राज्यांत असे किताब विधिमंडळात विधेयक आणूनच दिले जातात. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावच्या तिसरीच्या पोरांनी १९७४ मध्ये मागणी केली आणि १९७५ मध्ये मोनार्क नावाचे केशरी फुलपाखरू राज्याचा अधिकृत कीटक झाले. पोरांचे कौतुकच आहे. पण पुढे काय झाले ते ऐका.

मोनार्कची अळी फक्त मिल्कवीड नावाच्या चिकाच्या रोपांवर जगते. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातले तण. ते उगवायचे मका-सोयाबीनच्या शेतात. १९९६ पासून तिथे तणनाशकाला दाद न देणारे सोयाबीन आणि मागोमाग मका आला. सगळे शेत ग्लायफोसेटने धुवून निघू लागले. तण गेले, मिल्कवीड गेले. ही फुलपाखरे हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरात जाऊन झाडांवर गर्दी करतात, आणि त्या गर्दीने किती जागा व्यापली यावरून त्यांची मोजणी होते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ती १८ हेक्टरांवर होती. २०१३-१४ मध्ये पाऊण हेक्टरही भरली नाही, ०.६७ हेक्टर.

विधिमंडळाचा कायदा होता. पुस्तकात होता, शाळेच्या भिंतीवर होता. पण त्या कायद्यात फुलपाखराचे नाव होते, त्याच्या अन्नाचे नव्हते. तण राखणाऱ्या शेतकऱ्याला काही देण्याची गोष्ट नव्हती. म्हणून बैठकीतल्या घोषणेऐवजी विधिमंडळात ठराव करा, एवढेच कोणी मागत असेल तर आमचा त्याला पाठिंबा नाही. पोकळ कायदा आणि पोकळ घोषणा यांत फरक फक्त कागदाच्या जाडीचा.

आपल्या बांधावरची वस्ती

आता आपल्या शिवारात या. राणी पाकोळी मुख्यतः सह्याद्रीच्या झाडीतली. आपल्या माळावर ती क्वचित, तीही लिंबाच्या बागेशी. पण आपल्या बांधावर दुसरी वस्ती आहे आणि तिला कोणी किताब दिलेला नाही.

रुईच्या झाडाकडे पाहा. त्यावर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी असते. तिचे जे केशरी फुलपाखरू होते, पंखांच्या टोकाला काळे आणि त्यावर पांढरे ठिपके, ते त्या अमेरिकी मोनार्कचे भाऊबंद. रुईचा कडू चीक खाल्ल्यामुळे पाखरे त्याला टिपत नाहीत. त्याच्या या अब्रूचा फायदा दुसरे एक फुलपाखरू घेते. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे चांद, पण मादी हुबेहूब रुईवरच्या फुलपाखरासारखी केशरी. पाखरू फसते आणि ती वाचते. हिची अळी खाते काय? घोळ. होय, आपल्या बाया खुरपताना ओट्यात घालून घरी आणतात ती घोळीची भाजी. आणि हे चांदाचे फुलपाखरू वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत होते. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टांची फेरमांडणी होईपर्यंत ते तिथे होते. वाघाच्या रांगेतले फुलपाखरू आमच्या घोळीवर वाढत होते आणि घोळ राखणाऱ्या बाईला कोणी सांगितलेसुद्धा नाही!

तरवड आणि टाकळ्यावर पिवळी-पांढरी फुलपाखरे वाढतात. बोरीवर बारकी निळसर आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. गवतावर तपकिरी, संध्याकाळी उडणारी. तुरीच्या फुला-शेंगांवरही एका निळ्या फुलपाखराची अळी असते. ती कीडच आहे, हे आम्ही लपवत नाही.

हे सगळे कोणाच्या जिवावर चालले आहे? बांधाच्या, गायरानाच्या आणि पडीक माळाच्या. जिरायत शेतकरी गरीब आहे म्हणून त्याने बांध कोरला नाही, रुई जाळली नाही, बोर तोडली नाही, असे नाही. पण एकरी उत्पन्न जितके तुटपुंजे, तितका तो बांध कोरायच्या मोहात पडतो. खुरपणीला, विदर्भातल्या भाषेत निंदणीला, बाई मिळेना आणि मिळाली तर मजुरी कापसाच्या भावात बसेना, तेव्हा तो तणनाशकाचा पंप उचलतो. कापसात, बांधावर, सगळीकडे. त्याला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी एका खुरपणीचा खर्च आणि एका फवाऱ्याचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा. तण राखा म्हणणे सोपे आहे. राखण्याची किंमत कोण देणार?

गायरानाची कथा तर आणखी निराळी. ज्या वनमंत्रालयाच्या काळात फुलपाखराला मान मिळाला, त्याच मंत्रालयाने २०१६ पासून झाडे लावण्याच्या मोठमोठ्या मोहिमा काढल्या. २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी असे आकडे ठरले. झाडाला आमचा विरोध नाही. पण गवताचा माळ म्हणजे ओसाड जमीन, असे समजून त्यावर खड्डे काढणे हे अज्ञान आहे. कुसळी, पवन्या, मारवेल असे गवत ज्या माळावर आहे तो माळ भरलेला आहे. तिथे मेंढरे चरतात, चिंकारा चरतो, गवतावरची फुलपाखरे वाढतात. बारामती तालुक्यात सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य पाहा, अवघे पाच चौरस किलोमीटरचे, पण चिंकारा टिकला तो गवतामुळे. गवत मोडून गिरिपुष्पाची रांग लावली की कागदावर झाडे वाढतात आणि मेंढपाळाची चराई जाते.

फुलपाखराने उतारा वाढतो का?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. फुलपाखरे वाढली की कापसाचा उतारा वाढेल असे कोणी तुम्हाला सांगितले तर विश्वास ठेवू नका. कापूस बहुतेक आपल्याच परागाने फळतो, ज्वारीही आपल्याच परागाने आणि वाऱ्याने दाणे भरते. फुलपाखराचा त्यात हात नगण्य. खोटा फायदा दाखवून चांगले काम करून घ्यायची आमची रीत नाही.

मग राखायचे कशाला? कारण जो बांध फुलपाखराला पोसतो तोच ढालकिड्याला, क्रायसोपाला, बोंडअळीच्या अंड्यात आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाशीला पोसतो. फुलपाखरू डोळ्यांना दिसते, ट्रायकोग्रामा दिसत नाही. बांधावर फुलपाखरू दिसेनासे झाले तर समजा, न दिसणारे मित्रही गेले. मग उरतो फक्त पंप. आणि पंपावर शेती टाकली की काय होते ते २०१७ मध्ये यवतमाळने दाखवले. गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, उंच वाढलेल्या पिकात विषारी मिश्रणे फवारताना त्या एका जिल्ह्यात वीसेक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. बियाण्याच्या पाकिटावर अळीपासून संरक्षणाचे वचन होते. ती माणसे कोणत्या किताबाच्या यादीत नाहीत.

शेतकरी राखू शकतो याचा पुरावा हवा असेल तर शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली पाहा. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला, पण चिंचोलीचे मोर त्या घोषणेने आलेले नाहीत. चिंचेची झाडे गावाने राखली, पेरलेले दाणे वेचणाऱ्या पक्ष्याला गावाने सोसले. मागाहून पाहुणे येऊ लागले, जेवण-मुक्कामाचे चार पैसे शेतकऱ्याच्या घरात येऊ लागले आणि राखणे परवडू लागले. अभयारण्याचा शिक्का नाही आणि मोर आहेत. पलीकडे शिक्का होता आणि माळढोक गेले. यावरून ज्याने त्याने काय समजायचे ते समजावे.

आमची मागणी

आम्ही फुलपाखराच्या विरोधात नाही. किताब काढून घ्या असेही म्हणत नाही. आम्ही म्हणतो, दिलेला किताब खरा करा. विधिमंडळात जरूर कायदा आणा, पण असा की ज्याचे बंधन सरकारवर पडेल, शेतकऱ्यावर नाही. त्यात या गोष्टी हव्यात:

१. राज्यचिन्ह म्हणून ज्या जिवाचे नाव घेतले, त्याच्या अन्नाची झाडे आणि राहण्याची जागा कायद्यात नावानिशी लिहा आणि त्यासाठी दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद करा. तरतूद नसेल तर नवा किताब नाही.

२. जो शेतकरी बांधाची पट्टी न कोरता, न फवारता राखेल, त्याला लांबीच्या हिशेबाने दरवर्षी मोबदला द्या. युरोपात शेताच्या कडेची पट्टी फुलांसाठी सोडणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देते. तिथला शेतकरी काही आपल्यापेक्षा गरीब नाही.

३. सातबारावर कोणताही शेरा नाही, खरेदी-विक्रीला परवानगी नाही, विहिरीला अडथळा नाही. माळढोकचा अनुभव पुन्हा नको. शेतकऱ्याचा सहभाग राजीखुशीचा, करार पाच वर्षांचा.

४. गवताळ गायरान हे ओसाड नाही, अशी नोंद करा. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तिथे खड्डे काढायचे नाहीत आणि ते दुसऱ्या कामाला द्यायचे नाही.

५. वनखाते आणि शेतीखाते यांनी लिंबावरच्या अळीपासून सुरुवात करून एकच लेखी शिफारस द्यावी.

६. ज्वारी, बाजरी, तूर या जिरायत पिकांची जाहीर हमीभावाने खरेदी बंधनकारक करावी. फुलपाखराच्या लेखात हे कशाला, असे ज्याला वाटेल त्याने माळढोकचा भाग पुन्हा वाचावा.

आणि आपण काय करायचे? सरकारची वाट पाहत बसायचे नाही. २००२ चा जैवविविधता कायदा आपल्या हातात आहे. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि गावातल्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही लिहिली गेली पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत उठा आणि ग्रामसेवकाकडे दोन गोष्टी मागा: समितीच्या सदस्यांची नावे आणि ती नोंदवही. वही उघडा. त्यात तुमच्या शिवारातली झाडे आहेत की दुसऱ्या कुठल्या गावची यादी उतरवली आहे, ते तपासा. घोळ कुठे उगवते, रुईवर काय बसते, कोणत्या माळावर कोणते गवत आहे, हे सांगणारी म्हातारी माणसे आणि खुरपणाऱ्या बाया यांना समोर बसवून ती वही पुन्हा लिहून घ्या. गायरानाचा गट क्रमांक आणि क्षेत्र त्यात घाला. उद्या गायरान कोणी गिळायला आला तर तोच कागद कामाला येईल.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या नोंदवहीची प्रत आणावी. ज्यांच्याकडे वहीच नसेल त्यांनी ती नसल्याचे ग्रामसेवकाच्या सहीचे पत्र आणावे. किती वह्या आणि किती पत्रे जमतात ते मोजू, आणि तो आकडा घेऊनच आमदारांच्या दारात जाऊ. राज्याच्या राणीला घर कोण देणार, हे त्यांना तिथे विचारू.